अंदाजपंचे सल्ल्याला माप हवे

घराच्या पडवीत एक छोटा लेथ, भिंतीला टेकवलेले टेबल, त्यावर जखडलेला व्हाइस, पत्र्याच्या डब्यात कानशी आणि ड्रिल. रत्नागिरीत आणि आसपासच्या वाड्यांमध्ये असा कोपरा सांभाळणारी माणसे थोडी असतील, पण चिकाटीची असतात. कुणी गणपतीच्या चलत देखाव्यासाठी गाडीच्या वायपरची मोटर घेऊन क्रँक जुळवतो, कुणी कोकण रेल्वेच्या इंजिनाची प्रतिकृती करतो, कुणाला कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या आगबोटीचा वाफेवर चालणारा नमुना पाण्यात सोडायचा असतो, तर कुणी बागेतल्या पंपाचा बाजारात न मिळणारा बुश स्वतःच कातून बसवतो. या छंदाला शाळा नाही, तो सल्ल्यावर चालतो. अडले की आधी केलेल्याला विचारायचे आणि त्याने सांगितले तसे करून पाहायचे. हा सल्ला आपल्याकडे मोकळ्या मनाने आणि फुकट दिला जातो, हे या छंदाचे मोठे धन आहे. पण तो ज्या रूपात दिला जातो ते बदलायला हवे, असे माझे म्हणणे आहे. ‘जरा मंद फिरव’, ‘तेलाचा हात मारून ठेव’, ‘दाबून बसव, काही होत नाही’ ही आपली नेहमीची वाक्ये. मंद म्हणजे किती, तेल कोणते, धातू कोणता, मशीन कुठले, सांगणाऱ्याने हे स्वतः केले आहे की नुसते ऐकले आहे, यातले काहीच त्यात नसते. मूळ जागी बरोबर असलेला सल्ला मग दुसऱ्याच्या पडवीत जाऊन चुकतो, आणि चुकला कुठे हे शोधायला काही साधनही उरत नाही.

गंजाचेच घ्या, कारण कोकणात वर्कशॉपचा पहिला शत्रू तोच. ‘काम झाले की मशीनला पातळ तेल लावा आणि वरून प्लॅस्टिकचा कागद टाका’ हा सल्ला सोलापूरकडे अगदी योग्य आहे, कारण तिथला मुख्य त्रास धुळीचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या काळात हवेतली आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वरच असते. उघड्या लोखंडाला गंज चढण्याचा वेग साधारण ६० टक्क्यांनंतर झपाट्याने वाढतो. त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही पाणी धरते. बरणीत जे दिसते तेच लेथच्या बेडवर बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खाऱ्या कणांचे होत असते. तेलाचा थर या कणांवरून फिरतो, कण खालीच राहतात. रॉकेलने पुसूनही ते जात नाहीत, कारण मीठ रॉकेलमध्ये विरघळत नाही. प्लॅस्टिकच्या कागदाखाली अडकलेली दमट हवा पहाटे गार पडलेल्या बिडावर दव होऊन बसते. घाटावरचा चांगला सल्ला घाट उतरला की असा गंजाला मदत करू लागतो. इथे आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने मीठ पुसून पृष्ठभाग लगेच कोरडा करावा लागतो, मग ग्रीस किंवा लॅनोलिनसारखा चिकट थर द्यावा लागतो, आच्छादन हवा खेळेल असे सुती लागते. शक्य असेल तर आच्छादनाखाली, कापडापासून पुरेसा लांब, साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावून ठेवावा, म्हणजे बीड आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडे उबदार राहते आणि दव धरत नाही. एलईडीच्या दिव्याने हे साधत नाही, त्याची ऊब पुरत नाही. म्हणजे ‘दिवा लावून ठेव’ एवढा छोटा सल्लासुद्धा दिवा कोणता हे सांगितल्याशिवाय कामाचा नाही.

लाकडाचेही असेच. कोरड्या हवेत मुरलेल्या सागाची फळी कोकणातल्या पावसाळ्यात पाणी शोषून आडव्या अंगाने फुगते. फूटभर रुंदीला हा फरक चार-पाच मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. ‘सांधा अगदी घट्ट बसव’ ही सूचना मे महिन्यात पाळली की नमुन्याच्या बोटीचे डेक जुलैत उचलले जाते.

आता ‘जरा मंद फिरव’कडे वळू. लेथवर वेग ठरवण्याचे गणित साधे आहे. धातू हत्याराच्या धारेसमोरून मिनिटाला किती मीटर जावा हे आधी ठरते आणि त्यावरून जॉबच्या व्यासाप्रमाणे फेरे निघतात. साधे पोलाद एचएसएस हत्याराने कातायचे तर मिनिटाला २५ ते ३० मीटर हा घरच्या कामाला पुरेसा आकडा. वीस मिलिमीटरच्या सळईला म्हणून मिनिटाला चारशे ते पावणेपाचशे फेरे लागतात. साठ मिलिमीटरच्या जॉबला तेच हत्यार आणि तोच धातू असूनही दीडशेच्या आसपास. एकाच दुपारी एकाच माणसासाठी ‘मंद’चा अर्थ असा तिपटीने बदलतो. हत्याराला कार्बाइडची टिप असेल तर तिला मिनिटाला शंभर मीटर सहज मानवतात, म्हणजे वीस मिलिमीटरच्या सळईला सोळाशे फेरे. ती टिप चारशेवर चालवली तर ती धातू कापण्याऐवजी ओरबाडते, पृष्ठभाग खरखरीत येतो, आणि नवशिका आणखी मंद करतो, कारण त्याला तसेच सांगितलेले असते. पितळेला भोक पाडताना नव्या ड्रिलची धार एकदम आत ओढली जाते, म्हणून धारेचा कोन घासून बोथट करण्याची जुनी रीत आहे. ती रीत पोलादाला लावली तर ड्रिल नुसते तापते. बाहेरच्या देशांतून येणारे आराखडे आणि व्हिडिओ यांत तर आणखी एक अडसर लपलेला असतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५० ची. तिथली चार पोलची मोटर मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेते, इथली १४४० च्या आसपास. त्यांच्या आराखड्यातल्या पुलींची मापे जशीच्या तशी उतरवली की सगळे वेग सुमारे सतरा टक्क्यांनी घटतात. आराखडा चुकलेला नसतो, विजेची अट मात्र लिहायची राहून गेलेली असते.

नट-बोल्टच्या आट्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांवर व्हिटवर्थ आटे असतात, त्यांचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. पाव इंचापासून एक इंचापर्यंत बहुतेक मापांत व्हिटवर्थ आणि अमेरिकी जाड आट्यांची इंचामागची संख्या सारखीच असते, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढतो आणि ‘सगळे इंची नट चालतात’ असा समज पक्का होतो. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे बारा आटे आणि अमेरिकी तेरा. तिथे नट दोन-तीन फेरे चढतो आणि अडकतो, मग ‘दाबून बसव’ या सल्ल्याने दोन्हीकडचे आटे मरतात. बारा मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टवर अर्ध्या इंचाचा नट तर सैलच चढतो. हाताला बसल्यासारखा वाटतो आणि भार आला की निसटतो. हा गोंधळ नवा नाही. १८४१ पूर्वी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. जोसेफ व्हिटवर्थने तेव्हा नवे माप डोक्यातून काढले नाही. देशभरातल्या मोठ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले, आणि प्रचलित मापांची सरासरी काढून प्रमाण सुचवले. कारागिरांच्या हातांनी जे आधीच ठरवले होते त्याला त्याने आकडा दिला. माझ्या मागणीला याहून चांगला आधार मला माहीत नाही. अनुभवी हातांचे ज्ञान जमवा, मोजा आणि मापासकट पुढच्याच्या हाती द्या, एवढेच मी म्हणतो आहे.

आपल्याकडे ते अनुभवी हात कुठून आले, हेही पाहायला हवे. जुना रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माणसे पुरवत आला. गिरण्यांत, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये, गोदीत कोकणातली माणसे फिटर, टर्नर, जॉबर म्हणून वाकबगार झाली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर कितीतरी जण गावी परतले. बाकीचे निवृत्त होऊन आले. गावातल्या छंदी मुलाला जो सल्ला मिळतो त्याचा मोठा भाग या चाकरमान्यांच्या अनुभवातून आलेला आहे. तो सोन्यासारखा आहे. पण तो ज्या यंत्रांवर मिळाला ती कित्येक टनांची होती, सिमेंटच्या पायावर घट्ट बसवलेली, तीन फेजच्या ४१५ व्होल्टवर चालणारी, शेजारी हत्यारे घासून देणारा वेगळा माणूस असलेली. पडवीतला लेथ ऐंशी-शंभर किलोचा, लाकडी टेबलावर ठेवलेला आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा. मोठ्या लेथवर एका फेरीत तीन मिलिमीटर खोल काप सहज घेता येतो; छोट्यावर तेवढ्याच कापाला टेबलासकट सगळे थरथरते आणि जॉबवर लाटा उमटतात. सांगणाऱ्या काकांनी खोटे काहीच सांगितलेले नसते. त्यांच्या आणि मुलाच्या यंत्रातला फरक कुणी उच्चारलेला नसतो, एवढेच.

येथवरच्या चुका सळई, लाकूड आणि वेळ खातात. काही चुका मात्र डोळा किंवा बोट घेऊन जातात, आणि त्या बाबतीत माझा आग्रह कडक आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो. चार इंची चकतीवर कमाल फेऱ्यांचा आकडा पंधरा हजारांच्या आसपास छापलेला असतो, सात इंची चकतीवर साडेआठ हजारांच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच मर्यादेतून निघतात, ती म्हणजे चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर. गार्ड काढून लहान ग्राइंडरवर सात इंची चकती चढवली की कडेचा वेग १०४ मीटरवर जातो, आणि चकतीला फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने दीडपटीहून जास्त होतो. ‘गार्ड काढ, मोठी चकती बसते’ हे वाक्य ऐकायला सोपे वाटते, कारण त्यात हा आकडा नसतो. कोकणात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. राळेने बांधलेल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख असते, ती साधारण उत्पादनापासून तीन वर्षांची. दमट हवेने राळ कमकुवत होते. पावसाळाभर पडवीत उघडी पडलेली चकती दिसायला नवी असली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

वाफेचे तर विचारायलाच नको. पाण्याची वाफ झाली की तिला साध्या दाबाला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. आगबोटीच्या नमुन्यासाठी जुना प्रेशर कुकर बॉयलर म्हणून वापरावा, असा सल्ला सहज दिला जातो. कुकर साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबासाठी बनवलेला असतो आणि त्याची शिटी व सुरक्षा झडप त्याच हिशेबाने असते. छोटे इंजिन नीट पळावे म्हणून शिटीवर वजन वाढवणारा माणूस कुकरची अटच मोडतो. कायदाही इथे मदतीला येत नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्याच्या जागी २०२५ मध्ये नवा कायदा आला, पण २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे भांडे त्याच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून पडवीतल्या बॉयलरकडे निरीक्षक फिरकणार नाही. तिथे सुरक्षेची सगळी जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर येते. इंग्लंडमधल्या छंदी मंडळींनी ही जबाबदारी फार पूर्वी ओळखली. पर्सिव्हल मार्शलने लंडनमध्ये १८९८ ला ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी तिथे छंदी लोकांची संस्थाही उभी राहिली. पुढे अशा मंडळांत रीत पडली की नवा बॉयलर आधी पाण्याने भरून, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन तपासायचा. पाणी दाबले जात नसल्याने भांडे फुटलेच तर चीर पडून दाब तिथेच संपतो. हवेने तपासले तर साठलेला जोर तुकडे उडवतो. ‘दाब देऊन बघ’ या तीन शब्दांत पाणी की हवा हे न सांगणे जिवावर बेतू शकते.

यावर पहिला आक्षेप जाणकारांकडूनच येईल. कसबी हाताचे ज्ञान आकड्यात मावत नाही. हत्यार चालते आहे की ओरबाडते आहे हे आवाजावरून, हँडलच्या जडपणावरून, चिपच्या वळणावरून कळते. हे खरे आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचा अर्थ मोजमापाला तिथे जागा नाही असा होत नाही. लोहाराकडे पाहा. पाणी दिलेल्या पोलादाचा ताठरपणा उतरवताना तो पृष्ठभागावर सरकणारे रंग पाहतो. फिकट पिवळा म्हणजे २३० अंशांच्या आसपास, लेथच्या हत्याराला योग्य; जांभळा २८० च्या सुमारास; निळा ३०० च्या जवळ, स्प्रिंगला योग्य. तापमापक हातात नसतानाही तो मोजतच असतो, फक्त त्याचे माप रंगात असते. आणि त्यालाही परिस्थितीची जाण असते, कारण उन्हात रंग फसवतो म्हणून तो भट्टी सावलीत मांडतो. एचएसएसने कातताना चिप निळी पडली तर वेग जास्त आहे, हेही असेच नजरेचे माप. मी आकडा म्हणतो तेव्हा त्यात हेही धरतो. ‘चिप निळी व्हायला लागली की थांब’ हे ‘मंद फिरव’पेक्षा शंभर पटींनी चांगले आहे, कारण ते दुसऱ्याला तपासता येते. आपल्या यंत्रोद्योगाच्या आरंभी कोण उभे होते, याचाही विचार करावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग ओळखण्यातल्या दोषामुळे त्यांना ती सोडावी लागली, आणि यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. बेळगावातले सायकलचे दुकान, लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी ही त्यानंतरची. कागदावर माप लिहिणे हा ज्याचा पेशा होता, त्याच्या हातून हा उद्योग उभा राहिला.

दुसरा आक्षेप माणुसकीचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. सत्तरीतल्या माणसाला ‘किती फेरे, कुठला धातू’ असे खोदून विचारले तर तो दुखावेल, पुढच्या वेळी बोलणारच नाही. आणि अटींची यादी पाहून नवशिकाही घाबरेल. भीती खरी आहे, पण प्रश्न कसा विचारला जातो यावर ती अवलंबून आहे. ‘काका, तुम्ही हे परळला केलंत तेव्हा लेथ केवढा होता?’ या प्रश्नाने कुणाचा अपमान होत नाही. उलट त्या प्रश्नातून त्यांच्या आयुष्यातल्या कामाची दखल घेतली जाते. आणि ‘मी हे केलेले नाही, ऐकले आहे’ असे म्हणणाऱ्याची पत कमी होत नाही. तो जेव्हा ‘मी केले आहे’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाला वजन येते. तिसरा आक्षेप असा की चुकतमाकतच माणूस शिकतो, मग सल्ल्याची एवढी काटेकोर चिंता कशाला? जी चूक सळईचा तुकडा वाया घालवून संपते ती जरूर करू द्यावी. त्या बाबतीत सैल सल्ला दिला तरी फारसे बिघडत नाही. लेथवर हातमोजे घालणे, चकमध्ये किल्ली तशीच ठेवून मशीन सुरू करणे, मनगटाचा धागा फिरत्या जॉबजवळ नेणे या चुकांतून मात्र शिकायची दुसरी संधी मिळत नाही. हा फरक सल्ला देतानाच उच्चारला पाहिजे.

सल्ल्याची खरी परीक्षा २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाहायला मिळाली असती, कुणी नोंद ठेवली असती तर. वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि घरे-दुकाने बुडाली. अशा पुरात मोटरी, पंप, बेअरिंग गाळात जातात. मोटर भिजली तर ‘दोन दिवस उन्हात ठेव आणि चालू कर’ हा ऐकीव सल्ला सगळीकडे मिळतो. जुलैतल्या कोकणात ऊन कुठून आणायचे? शिवाय दोन दिवस हे काही माप नव्हे. गोड्या पाण्याने गाळ धुवावा, बेअरिंग काढून वेगळी करावी, वेटोळी मंद उष्णतेने वाळवावी, आणि मेगर लावून इन्सुलेशनचा रोध निदान एक मेगाओमच्या वर आल्याशिवाय वीज जोडू नये, हा जुना ठोकताळा कुठलाही चांगला वायंडर सांगेल. दिवस किती लागले ते महत्त्वाचे नाही, मेगरचा काटा महत्त्वाचा. पुराच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. दोन वर्षांत दोन मोठी संकटे आली, पण यंत्रे कशी वाचली आणि कशी गेली याची मोजून लिहिलेली नोंद छंदी माणसाच्या हाती येईल अशी कुठेच नाही. पुढच्या वेळी पुन्हा ऐकीवावरच विसंबावे लागेल.

म्हणून एक साधी सूचना करतो. रत्नागिरीत १८२८ पासून नगर वाचनालय आहे. तिथे, किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वा शासकीय तंत्रनिकेतनाच्या आवारात, एक जाड वही ठेवावी. सल्ला लिहिणाऱ्याने पाच गोष्टी लिहायच्या: काय केले, कुठल्या यंत्रावर, कुठल्या धातूवर वा लाकडावर, कुठल्या महिन्यात, आणि काय झाले. फसलेले कामही लिहायचे. ते तर आधी लिहायचे. ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्याकडून आयटीआयच्या मुलांनी ऐकून उतरवून घ्यावे, म्हणजे निवृत्त टर्नर आणि शिकाऊ टर्नर यांची गाठही पडेल. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची जी पद्धत रुजवली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे: काम खरे असावे आणि त्याचा हिशेबही ठेवावा. आपल्याच जिल्ह्यात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा देठासकट काढण्यासाठी नूतन झेला तयार केला. देठ राहिला तर चीक फळावर सांडत नाही आणि फळ डागाळत नाही, हे बागायतदाराला ठाऊक होतेच. किती देठ ठेवायचा आणि तो कापणारे पाते कुठे बसवायचे, हे ठरल्यावर ते ज्ञान झाडाखालून निघून हजारो बागांत पोचले. पडवीत अशा कितीतरी गोष्टी ठरायच्या राहिल्या आहेत.

वहीतला पहिला प्रयोग गंजाचा असावा, असे मला वाटते, कारण त्यात सगळ्यांना भाग घेता येतो आणि धोका काहीच नाही. साध्या पोलादाच्या एकाच पट्टीतून कापलेले सहा सारखे तुकडे घ्यायचे. एक उघडा, एकाला पातळ मशीन तेल, एकाला ग्रीस, एकाला मेण, एकाला खोबरेल तेल, कारण घरोघरी तेच हाताशी असते, आणि एकाला आधी गोड्या पाण्याने पुसून मग ग्रीस. प्रत्येकाचे वजन करून नंबर टाकायचे आणि मृगाच्या आधी पडवीत टांगायचे. असे तीन संच करायचे. एक मिरकरवाड्याजवळ, समुद्राच्या अगदी काठी. दुसरा मिरजोळे एमआयडीसीच्या बाजूला, थोडा आत. तिसरा लांज्याकडे, समुद्रापासून दूर. गणपतीत लोक गावी आलेलेच असतात, तेव्हा तुकडे खाली काढायचे, गंज खरवडून पुन्हा वजन करायचे आणि अठरा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे.